नव्या नंबर प्लेटवर आईचं नाव नाही

मंडळी, जुन्या गाड्यांनाही आता सरकारी नवी नंबर प्लेट सक्तीची, नाहीतर दंड; म्हणून आज वडिलांच्या जुन्या मोटरसायकलला ती बसवून आणली.

वडील याच गाडीवरून कुपवाडला कारखान्यात जायचे. मागच्या प्लेटवर नंबराखाली त्यांनी पेंटरकडून आईचं नाव लिहून घेतलं होतं, ‘शालन’. ते गेल्यावरही आई दर दसऱ्याला त्या नावाला कुंकू लावते.

बसवणाऱ्यानं जुनी प्लेट मधोमध वाकवून ढिगात फेकली. “ती मला द्या की,” मी म्हटलं.

“न्हाई दादा, जुनी परत देत न्हाई.”

मागं लाइन लागली होती. मी गाडी काढली.

घरी आईनं नव्या प्लेटवरून बोट फिरवलं.

“लय चकचकीत हाय. आन् माझं नाव रं?”

दंड टळला, मंडळी. पण येत्या दसऱ्याला तिनं कुंकू कुठं लावायचं?