बत्तीस काचा आणि एक शिंकं

"कंपाउंडर, त्या वाडीतल्या माणसांच्या अंगात रक्तच नाही का हो?"

डॉक्टरीणबाईंनी मायक्रोस्कोपवरचा डोळा न काढता विचारलं. मी स्टोव्हवर सुया उकळत होतो. म्हटलं, "आहे की. कालच काढून आणलंय. बत्तीस माणसांचं."

"मग गेलं कुठे? ही काच कोरी आहे. दुसरीही कोरी. तिसरीवर थेंब आहे, पण कडेने कुरतडल्यासारखा. आणि ही चौथी..." त्या थांबल्या. "या इकडे. तुम्हीच बघा."

मी डोळा लावला. चौथ्या काचेवर एक मुंगी होती. मेलेली, रंगात भिजून जांभळी झालेली, आणि मायक्रोस्कोपखाली म्हशीएवढी.

हे कसं झालं ते सांगायला हवं. सांगताना माझी अब्रू जाईल, पण ती घरात आधीच गेलेली आहे.

हिवताप आहे की नाही हे नक्की कळायला रक्त बघावं लागतं. बोटाला सुई टोचायची, थेंब काचेच्या पट्टीवर घ्यायचा, पसरायचा आणि वाळू द्यायचा. नीट वाळला की त्याच्यावर निळा-जांभळा रंग चढवायचा. मग मायक्रोस्कोपखाली तापाचे जंतू बारीक अंगठ्यांसारखे दिसतात. यातलं वाळवणं मुख्य. ओला थेंब रंगाबरोबर धुऊन जातो. आणि आश्विनातल्या दमट हवेत थेंब वाळायला दोन-तीन तास सहज जातात.

आमचा दवाखाना शहापूरला. मुंबईच्या काही सज्जन मंडळींनी काढलेल्या संस्थेचा. मायक्रोस्कोप एकच, तो दवाखान्यात. खेड्यापाड्यांतून काचा गोळा करून आणायचं काम माझं. मंगळवारी सकाळी धसईच्या पुढे घाटाच्या पायथ्याशी कोळसा पाडणाऱ्यांच्या वाडीत मी रक्त घेतलं आणि दुपारी धसईच्या धर्मशाळेत येऊन बत्तीस काचा एका फळीवर ओळीने मांडल्या. शेजारी शिदोरीचा डबा ठेवला. त्यात आमच्या हिने दिलेले नाचणीचे लाडू होते. ओट्यावर मुंग्या फार. म्हणून मी दूरदृष्टीने एक परात मागून आणली, तिच्यात पाणी घातलं आणि मधोमध डबा ठेवला. लाडवांचा असा बंदोबस्त करून मी निर्धास्त झोपलो.

काचांना काय, म्हटलं, गोड थोडंच लावलंय! मुंग्यांना रक्तही चालतं हे अठरा वर्षं कंपाउंडरकी करून मला ठाऊक नव्हतं. उठल्यावर घाईने काचा कागदात गुंडाळल्या आणि आलो. बघितल्यासुद्धा नाहीत.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लाडू कसे होते?" त्यांनी विचारलं.

"चांगले होते."

"बरं."

त्या 'बरं'नंतर मी उकळलेल्या सुया पुन्हा उकळायला ठेवल्या.

वेळ तरी साधी असायला हवी होती! लढाईचे दिवस. क्विनीन, म्हणजे आपलं कोयनेल, ज्या बेटांतून यायचं ती जपानने घेतलेली. जे उरलं होतं ते सरकार मुंबईहून मोजून मापून वाटायचं. नियम असा की ज्या गावच्या काचांत जंतू दिसतील त्याच गावाचं नाव यादीत घालायचं, आणि यादीबरोबर काचाही पाठवायच्या. आमची यादी शुक्रवारी दुपारच्या गाडीने आसनगावहून जायची होती. आज बुधवार. ती गाडी चुकली तर पुढचे तीन महिने वाडीला एक गोळी मिळणार नव्हती.

आणि वाडीत जनी होती. वाडीचा म्हातारा भिवा, त्याची ती सून. एकोणीस-वीस वर्षांची, सातवा महिना, आणि एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप. हातपाय काटक्यांसारखे झालेले. बाईंनी तिला मागच्या फेरीत तपासलं होतं. असा ताप चालू राहिला तर मूल जातं, कधी आईही जाते, हे त्यांनी मला बाहेर येऊन सांगितलं होतं.

बाईंनी कपाटातली शेवटची बाटली काढून माझ्या हातात दिली. "हे पाच दिवसांचं आहे. जनीला उद्यापासून सुरू करा. सहाव्या दिवसाचं तुमच्या काचांवर. उद्या जा, रक्त घेऊन रात्रीपर्यंत परत या."

बाहेर आमचे ड्रायव्हर हुसेनभाई मोटार पुसत होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "जाण्यापुरता कोळसा हाय. येण्यापुरता नाय."

आमची मोटार कोळशावर चालायची. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा पुष्कळांनी मोटारी विटांवर चढवून ठेवल्या. बाईंनी मुरबाडच्या एका लोहाराला हाताशी धरला आणि मोटारीच्या पाठीला कोळशाच्या गॅसचा प्लँट बसवून घेतला. दिसायला न्हाणीघरातला बंबच. सकाळी पेटवायचा, अर्धा तास पंख्याने वारा घालायचा, मग त्या गॅसवर इंजिन खोकत खोकत चालू होई. चढ आला की ड्रायव्हर सोडून सगळे खाली. कोळसा द्यायची ती घाटाखालची वाडी. बदल्यात त्यांच्याकडे दर पंधरवड्याला औषधपाणी. धसईच्या दुकानदाराच्या फळीवर आमची औषधाची पेटी, आसनगावच्या स्टेशनमास्तरांच्या खुर्चीखाली आमची पार्सलं. बाईंनी फुकट उपकार कुणाचे घेतले नाहीत आणि कुणावर केलेही नाहीत. कुणापाशी काय आहे आणि त्याला काय हवंय हे त्यांना बरोबर दिसायचं. मला असं काही दिसत नाही. मुंग्याही दिसल्या नाहीत.

आता ज्यांच्या कोळशावर आम्ही पळत होतो तीच माणसं तापाने आडवी पडली होती. भट्टी लागलीच नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," हुसेनभाई म्हणाले, "जाऊ तर खरं. येताना तुमी ढकला."

गुरुवारी पहाटे निघालो. किन्हवलीपर्यंत मी दोनदा उतरलो, पुढे किती वेळा ते मोजलं नाही. धसईला मोटार ठेवून दोघे वाडीकडे चालत गेलो. वाटेत मी दोन खोट्या गोष्टी तयार केल्या. एक, काचा वाटेत फुटल्या. दोन, साहेबलोकांना काचांचा आणखी एक जोड हवाय. दुसरी मला जास्त आवडली होती.

भिवा अंगणात बसला होता. सुईची डबी बघून उठलाच.

"आता परत कशापायी? परवा नेलंत ना रगात?"

"नेलं होतं भिवा, पण..."

"मंग त्याचा केलास काय? इकलास?"

माणसं जमली. पुढे कुणी येईना. पहिल्या खेपेलाच त्यांना किती समजवावं लागलं होतं. अंगातलं रक्त परक्याच्या हाती देणं त्यांच्या लेखी साधी गोष्ट नव्हती. ते कुठे जातं, त्याचं कोण काय करतं, हे त्यांना कळायला हवं होतं. आणि दाराशी जनी गोधडी लपेटून बसली होती. दुसरी खोटी गोष्ट ओठांवर आली होती. पण जनी माझ्याकडे बघत होती, आणि आमच्या दोघांत ताप तिला होता. मी सगळं खरं सांगून टाकलं. फळी, परात, पाणी, लाडू, झोप.

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "लाडवांना पानी, नि आमच्या रगताला काय नाय! आमच्यापरास लाडू म्हाग गो!"

बायका हसल्या. पुरुषही हसले. हुसेनभाई माझ्या बाजूचे, पण तेही हसले. भिवा मात्र हसला नाही. त्याने मला विचारलं, "बाईनी सांगतलान काय खरा बोलाया?"

"नाही. खोटं तयार होतं माझ्याकडे. जमलं नाही."

तो म्हणाला, "आमी देऊ. पन आदी तुजा काढ."

"माझं?"

"तुजाच. आमच्या संगती तुजाबी जाऊ दे. मंग राखशील नीट."

यातली अडचण अशी की मी हजारो माणसांना सुई टोचली आहे, पण मला स्वतःला सुईची भीती वाटते. हे मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. टोचायचं कुणी, तर भिवाने सुनेला हाक मारली, "ये गो जने." ती उठली. मी सुई स्पिरिटने पुसून दिली, बोट कसं धरायचं ते दाखवलं, आणि डोळे मिटले. प्रत्येक रोग्याला मी एक ठरलेलं वाक्य ऐकवतो. ते जनीच्या चांगलं लक्षात होतं.

"भिऊ नको दादा," ती म्हणाली, "मुंगी चावल्यावानी वाटंल."

वाडी अशी हसली की घाटात कुणाला ऐकू गेलं असेल. डोळे उघडले तोवर थेंब आला होता. काच नंबर एक. नंबर दोन जनीची, नंबर तीन भिवाची. नंतर रांगच लागली. तासाभरात तेहतीस काचा झाल्या.

आता वाळवायच्या कुठे? मी परात मागितली. भिवाने मला हातानेच बाजूला सारलं, झोपडीत जाऊन आढ्याला टांगलेलं दोरीचं शिंकं सोडून आणलं आणि त्यातलं सुकटीचं गाडगं खाली ठेवलं.

"सुकट ऱ्हाती ह्याच्यात बारा म्हयने. मुंगी येत नाय."

"का येत नाही?"

"दोरीला करंजाचा त्याल चोळतो ना. तुमच्या शाळंत नाय सांगतला?"

फळी शिंक्यात आडवी बसली, वर माश्यांसाठी पातळ फडकं टाकलं. तीन तास तेहतीस काचा अधांतरी झुलत होत्या. खाली मी मान वर करून बसलो होतो. झोपेचं नाव काढलं नाही. मधे जनीला कोयनेलचा पहिला डोस पाजला. तिने तोंड एवढं वाकडं केलं की म्हातारी म्हणाली, "दे रे तिला तुजा यक लाडू." डब्यात दोन उरले होते. दोन्ही दिले.

काचा वाळल्या तेव्हा भिवाने मागच्या सालचा उरलेला तीन पोती कोळसा बाहेर काढला. ज्यांचा त्या दिवशी तापाचा दिवस नव्हता अशा तिघांनी ती धसईपर्यंत डोक्यावरून आणली. हुसेनभाईंनी बंबात कोळसा ओतला आणि मला म्हणाले, "बसा आता आत. आज तुमचा बोट दुखत आसंल."

शुक्रवारी सकाळी उजेड फुटताच बाई खिडकीशी बसल्या. आमच्या मायक्रोस्कोपला वीज नाही, खाली आरसा असतो. तो फिरवून आभाळाचा उजेड काचेवर घ्यायचा. मी रंग चढवून काचा देत होतो. त्या एकेक बघत होत्या आणि तोंडाने फक्त बोलत होत्या, "आहे. आहे. नाही. आहे." उजेड ढगाने गेला की थांबायच्या, आला की पुढे. बाहेर हुसेनभाई पंखा फिरवत होते. पाच तास बाईंनी पाठ टेकली नाही, चहाला हात लावला नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा दुसरा डोळा लावला.

जनीच्या काचेला त्या थोड्या जास्त थांबल्या. "आहे," म्हणाल्या. "पुष्कळ आहेत."

शेवटी एक काच उरली.

"ही कुणाची? यात तर काहीच नाही."

"माझी."

"बरं," बाई म्हणाल्या. पण हे 'बरं' वेगळं होतं.

आसनगावला पोचलो तेव्हा गाडी उभी होती. स्टेशनमास्तर गार्डला काहीतरी अत्यंत महत्त्वाचं समजावत होते. आमची मोटार दिसली तसं त्यांचं बोलणं एकदम संपलं. पेटी आणि यादी गार्डच्या डब्यात गेली, आणि सोमवारी संध्याकाळी त्याच गार्डच्या हातून कोयनेलचा डबा आला. मंगळवारी, जनीच्या सहाव्या दिवशी, मी वाडीत होतो.

पौषात तिला मुलगी झाली. लहानशी, पण आवाज खणखणीत. घरात तिला मुंगी म्हणतात. मला ते मुद्दाम ऐकवतात. भट्टीही लागली, मोटारही चालली.

बाईंनी धसईच्या बाजारातून तीन शिंकी आणवली, करंजाच्या तेलाची बाटलीही. वर्षाच्या अहवालात सामानाच्या यादीत लिहिलं: मायक्रोस्कोप एक, गॅसप्लँट एक, शिंकी तीन. मुंबईहून सेक्रेटरींचं पत्र आलं, शिंकी हे कोणतं उपकरण? बाईंनी उत्तर लिहिलं: धसई भागात तयार होणारं, खात्रीचं. मी त्यातून एवढाच धडा घेतला की काच बांधण्याआधी एकदा बघावी.

त्या शुक्रवारी घरी गेलो तेव्हा मी बोटाला पट्टी बांधली होती. गरज नव्हती, पण गोष्ट सांगायला बरी पडते. ही वाल सोलत होती. मी ढकललेली मोटार, टोचलेलं बोट, झुलत्या काचा, पळती गाडी, सगळं रंगवून सांगितलं. हिने मधे एकदाही मान वर केली नाही. सगळं झाल्यावर शेवटचा वाल सोलून पाण्यात टाकला आणि म्हणाली,

"पुढच्या खेपेला काचा परातीत ठेवा आणि लाडू फळीवर. लाडू मी पुन्हा वळीन. त्या पोरीला पुन्हा बोट पुढे करायला लावू नका."