समुद्र आटायची वाट

धुरपताबाई आमच्या नायगावच्या शाळेत खिचडी शिजवायच्या. मुलगा आनंदराज मालवाहू जहाजावर नोकरीला. परदेशातल्या युद्धात ते जहाज एका बंदरात अडकलं. हल्ला करणाऱ्या सैन्यानं स्वतःच्याच जुन्या युद्धनौका बंदराच्या तोंडाशी मुद्दाम बुडवल्या होत्या. आतलं जहाज बाहेर निघणं शक्य नव्हतं, शहरालाही वेढा होता.

मी हे समजावलं तेव्हा बाईंचा चेहरा उजळला. "मंग काय न्हाई, गुरुजी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ट्रॅक्टर लावून वढतेत की!"

त्यांचं माहेर गोदावरीपलीकडचं. उन्हाळ्यात नदीतून त्या चालतच जायच्या. त्यांचा तो समज मी तसाच राहू दिला.

वैशाखात नदी आटली. बुद्धपौर्णिमेला घालायला त्यांनी आनंदराजसाठी पांढरा सदरा आणला. तो पाहून सून लुंबिनीला राहवलं नाही.

"आत्या, समुद्र आटत न्हाई. युद्ध थांबल्याबगर त्या नौका कोणी काढणार न्हाई. लई वर्षं लागतील, जहाजाच्या कंपनीवाले म्हणले फोनवर."

धुरपताबाई बराच वेळ सदऱ्यावरून हात फिरवत राहिल्या. मग तो लुंबिनीच्या मांडीवर ठेवला.

"तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे, माय. माझ्यानं तेवढं जगणं व्हायचं न्हाई."