नाही म्हणायची जागा

माझ्या सुनेला काम करताना बघायचं असेल तर सकाळी साडेसहाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहा. पांढरी छोटी गाडी, टपावर ड्रायव्हिंग स्कूलची पाटी, आणि आत कुणीतरी घामाघूम होऊन स्टिअरिंगला चिकटलेलं. शेजारी ही बसलेली. हात मांडीवर, आवाज एका पट्टीत. "घाई नाही. मागचा हॉर्न वाजवतोय तो स्वतःच्या हातानं वाजवतोय, आपलं काय जातंय." तिच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणाऱ्यानं घोळ घातलाच तर तिनं दाबायचा. पण ती म्हणते, पाय तयार ठेवायचा, दाबायचा नाही. एकदा का त्याला कळलं की ब्रेक बाई मारतात, की तो जन्मात शिकत नाही.

मी हे सगळ्यांना सांगते. दवाखान्यात नंबर यायची वाट बघत बसलेल्यांना सांगते, वाण्याला सांगते. लोक म्हणतात, आजी, सुनेचं एवढं कौतुक? मी म्हणते, सासवा चुगल्या करतात तेव्हा बरं कान टवकारून ऐकता.

माझा मुलगा जाऊन आठ वर्षं झाली. छत्तिसाव्या वर्षी, हृदय बंद पडून, ऑफिसच्या जिन्यात. महिन्याभरानं मी तिला म्हटलं होतं, बाई गं, तुझं सगळं आयुष्य पडलंय, मी काही तुला बांधून ठेवणार नाही. ती म्हणाली, "आई, मोरीतला नळ गळतोय, आधी त्याचा वॉशर आणू." तो विषय तिथंच संपला. तेव्हापासून दोन खोल्यांत आम्ही दोघी. भांडतोसुद्धा. ती ओला टॉवेल खुर्चीवर टाकते आणि मी बोलायला लागले की संपत नाही.

मी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, दिवसभर लोकांची बोलणी जोडून देण्यात. त्यामुळं माझे कान तिखट आणि जीभ त्याहून. गेल्या वर्षी एका दुपारी तिला फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते, आणि पलीकडचं अर्धं बोलणं मला भांडी घासता घासता ऐकू आलं.

फोन तिच्या भावजयीचा होता. भाऊ म्हणजे हिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, फोटो फ्रेम करायचं दुकान आहे त्याचं. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस, दर वेळी चार चार तास. भावजयीला मधुमेह, त्यामुळं तिची किडनी चालत नव्हती. किडनी मिळायच्या यादीत नाव होतं, पण यादी कधी पुढं सरकेल ते कुणी सांगेना. "ताई, आता तुम्हीच," भावजय म्हणाली.

सूनबाईनं फोन या कानावरून त्या कानाला लावला. मग म्हणाली, "तपासण्या तर करून बघू."

माझ्या हातातलं पातेलं सिंकमध्ये आपटलं. आपटलं म्हणजे मीच आपटलं.

आता हा भाऊ कोण, ते ऐका. माझा मुलगा गेला तेव्हा हा दुसऱ्या शहरात एका हॉटेलच्या कामावर होता, दीडशे फ्रेमा लावायच्या होत्या म्हणे. आला नाही. फोन केला, चार मिनिटं. मला मिनिटं कळतात, तीस वर्षांची सवय आहे. आणि आता त्याच बहिणीचं पोट फाडायचं? मी तिला म्हटलं, "दुखणं त्याला आणि सुरी तुला, हा कुठला न्याय?" ती म्हणाली, "आई, अजून सुरी लांब आहे." आणि टॉवेल खुर्चीवर टाकून आंघोळीला गेली.

तपासण्या चार महिने चालल्या. रक्त झालं, स्कॅन झाला, दिवसभर दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजून झाला. एकदा तर चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये जमवायची होती. तो कॅन हॉस्पिटलनं गार ठेवायला सांगितलेला. मी म्हटलं, माझ्या फ्रिजमध्ये नाही. शेवटी तो बाल्कनीत बर्फाच्या बादलीत बसला, आणि शेजारीण विचारायला लागली, आजी, काय गार करताय? मी म्हटलं, सरबत, पाठवू का?

हसत होते, पण आतून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. प्रत्येक रिपोर्ट चांगला येत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की हिच्यात काहीतरी खोट निघावी. साखर नाही, रक्तदाब नाही, खडा नाही. डॉक्टर म्हणाले, अगदी ठणठणीत आहे. मला मेलीला ते ऐकून रडू आलं.

मी स्वार्थी होते, ते सरळ सांगते. मुलगा गेला ते एकदा सोसलं. आता हिच्यासाठी हॉस्पिटलच्या बाकावर बसायची माझ्यात ताकद नव्हती.

मग मी एक उद्योग केला. डोळे तपासायला जाते म्हणून सांगितलं आणि दोन बस बदलून त्या हॉस्पिटलात गेले. तिथं किडनी देणाऱ्यांशी बोलायला एक वेगळी बाई असते. घेणाऱ्यांशी तिचा संबंध नाही, फक्त देणाऱ्याची बाजू बघायची. लहानसं ऑफिस, दोन खुर्च्या, टेबलावर टिश्यूचा खोका. मी तिच्यापुढं बसले आणि म्हटलं, "बाई, तुम्ही एवढंच करा. रिपोर्टमध्ये काहीतरी आलंय म्हणून सांगा. माझ्या सुनेला देता येणार नाही असं लिहा. कुणाला काही कळणार नाही."

तिनं मला पाणी दिलं. मग म्हणाली, "आजी, तुम्ही जे मागताय ना, ते आम्ही खरंच करतो. देणाऱ्याला मनातून नको असेल तर शेवटच्या सकाळपर्यंत त्यानं मला नुसतं सांगायचं. आम्ही घरच्यांना कळवतो की यांची घेता येणार नाही. कारण सांगत नाही. कुणाशी वाईटपणा येत नाही. पण ते तिनं म्हणायला हवं. तिच्याऐवजी दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही."

"मी तिची सासू आहे," मी म्हटलं.

"म्हणून तर नाहीच," ती म्हणाली. हसून म्हणाली, पण म्हणाली.

मी तोंडात मारल्यासारखी घरी आले. सुनेनं विचारलं, डोळ्यांचं काय म्हणाले? मी म्हटलं, मोतीबिंदू आहे, थोडा. एक खोटं लपवायला दुसरं. चार दिवस मला जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी मला घड्याळजीकडं जायचं होतं. ती म्हणाली, चला, सोडते, शेवटचा शिकाऊ मुलगा आत्ताच उतरलाय. एरवी मी मागं बसते. त्या दिवशी मागच्या सीटवर शिकवताना रस्त्यावर मांडायचे केशरी शंकू रचून ठेवलेले, म्हणून मी पुढं बसले, तिच्या रोजच्या जागेवर. ती स्टिअरिंगवर आणि माझ्या पायाशी तो ब्रेक.

चौकात डावीकडून एक टेम्पो आला. तसा लांबच होता. पण मी दोन्ही पायांनी तो ब्रेक दाबला. गाडी भर चौकात उभी. मागं चार हॉर्न, एक शिवी. शंकू उडून आमच्या डोक्यावर.

तिनं शांतपणे गाडी चालू केली, चौक ओलांडला, एका बंद दुकानासमोर कडेला लावली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आई, हा ब्रेक शिकाऊ माणसासाठी असतो. मी शिकाऊ आहे का?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "मी त्या हॉस्पिटलातल्या बाईकडं गेले होते."

आणि सगळं सांगून टाकलं. डोळ्यांचं, बसचं, रिपोर्टचं. माझी वाट लागणार हे ठरलेलं होतं. ती चिडली की ओरडत नाही, त्यानं जास्त लागतं. तिनं गाडीचं इंजिन बंद केलं.

"मलाही त्यांनी तेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "पहिल्याच भेटीत. नाही म्हणायचं असेल तर जागा आहे, कुणाला कळणार नाही. त्या दिवशी मी बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. का, माहितेय? तोवर मला वाटत होतं की मला द्यावीच लागणार. वहिनीनं 'आता तुम्हीच' म्हटलं तेव्हाच ते ठरून गेलं होतं. नाही म्हणता येतं हे कळल्यावर मी पहिल्यांदा खरा विचार करायला लागले. आणि तुम्ही तीच जागा माझ्या हातातून काढून घ्यायला निघालात."

माझी मान खाली गेली. तरी खोड जाते कुठं. मी म्हटलं, "पण तो आला नव्हता गं. तुझ्या एवढ्या मोठ्या दुःखात तो आला नव्हता."

"नाही आला. मला त्याचा राग आहे, आई. तुमच्यापेक्षा जास्त आहे. किडनी दिली तरी राग जाणार नाही. पण राग आहे म्हणून मरू दे, असं मला म्हणता येतं का, ते मी बघतेय. अजून ठरलेलं नाही. तुम्ही माझ्याऐवजी ठरवलंत तर मी काय ठरवलं असतं ते मला कधीच कळणार नाही."

मी म्हटलं, "बरं." माझ्यासारख्या बाईला एवढ्यावर थांबणं किती जड गेलं असेल ते तुम्हीच समजा.

त्यानंतर तीन आठवडे मी तोंडाला कुलूप लावलं. शेजारीण म्हणाली, आजी आजारी आहेत का. सूनबाई एका मंगळवारी भावाच्या डायलिसिसला जाऊन चार तास त्याच्याजवळ बसून आली. मी विचारलं नाही. तिनंच रात्री जेवताना सांगितलं, "मी त्याला बोलले. का आला नाहीस ते विचारलं. म्हणाला, घाबरलो होतो, तुझ्यासमोर काय बोलायचं तेच कळेना. आणि म्हणाला, किडनी देऊ नकोस, मला त्याचा हक्क नाही." मग तिनं ताटातला घास पुरा केला. "हक्क नाही म्हणाला ते बरं झालं. हक्कानं मागितली असती तर दिली नसती."

दोन दिवसांनी सकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, "आई, सहा आठवडे मला पाच किलोच्या वरचं काही उचलता येणार नाही. पाण्याची बादली तुम्हाला उचलावी लागेल."

मी म्हटलं, "उचलीन की. माझे हात काय गहाण पडलेत?"

असं ठरलं. ना भाषण, ना रडारड. तिनं तिच्या शिकाऊंना स्वतः फोन केले, प्रत्येकाला दुसरी वेळ दिली. एकाला म्हणाली, "माझ्यामागं क्लच सोडायची सवय करा, खुर्चीत बसून. हसू नका, खरंच होतं."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सहाला हॉस्पिटलातली ती देणाऱ्यांची बाई आली. म्हणाली, "मला हिच्याशी शेवटचं एकटीशी बोलायचंय." मला बाहेर काढलं आणि दार लावलं.

बाहेर भिंतीला टेकून भावजय उभी होती. हातात कपड्यांची पिशवी. आत काय विचारतात ते मला ठाऊक होतं. नको असेल तर आत्ता म्हण, कुणाला कळणार नाही. चार महिने मी ज्याच्यासाठी जीव टाकत होते, ते त्या दाराआड होतं. तिनं नकाराची मान हलवली असती तर आम्ही दोघी नाश्त्यापर्यंत घरी.

आणि काय सांगू तुम्हाला. मला ते नको होतं. मी त्या दाराकडं बघत होते आणि मनात म्हणत होते, माघार घेऊ नकोस गं. तू ठरवलंयस ना, मग माघार घेऊ नकोस. माझी छाती अशी भरून आली होती की तशी मुलाच्या पहिल्या पगारालाही भरली नव्हती. ही माझ्या घरात राहते. ही मला आई म्हणते.

दार उघडलं. हॉस्पिटलचा हिरवा झगा, केस टोपीत कोंबलेले. तिनं पायातल्या चपला काढल्या, वाकून उचलल्या आणि माझ्यापुढं धरल्या.

"आई, ह्या ठेवा. आत नेऊ देत नाहीत."

एवढंच बोलली आणि अनवाणी चालत गेली.

मी बाकावर बसले. चपला अजून कोमट होत्या, उजवीचा पंजा डावीपेक्षा जास्त झिजलेला. मी त्या मांडीवर घेतल्या. भावजय रडत रडत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "द्या आई, मी पिशवीत घालते. खाली ठेवा निदान, लोक बघतायत."

"बघू देत," मी म्हटलं. "माझ्या सुनेच्या आहेत."

साडेचार तासांनी डॉक्टर दोघं ठीक आहेत म्हणून सांगायला आले, तेव्हाही त्या माझ्या मांडीवरच होत्या.