मनकर्णाबाईचे तीन प्रश्न

मनकर्णाबाई पहिल्यांदा माझ्या ओपीडीत आली ती कंबर दुखते म्हणून. दुसऱ्यांदा आली तेव्हाही कंबरच दुखत होती. दोन्ही वेळा मी दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या आणि दोन्ही वेळा चुकले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्याचं श्रेय लोक मला देऊ लागले तेव्हा मला फार अवघडल्यासारखं झालं.

आमचं आरोग्य केंद्र पिंपळगाव राजापासून आठेक किलोमीटरवर आहे. मी मूळची बुलढाण्याची, डॉक्टरकीचं शिक्षण अकोल्याला झालं आणि नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी इथे आले. सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत सत्तर-ऐंशी पेशंट, आणि तपासायची खोली एकच. टेबलापुढे स्टूल आणि स्टुलाच्या मागून थेट व्हरांड्यापर्यंत रांग. स्टुलावर बसलेल्याला काय होतंय ते मागच्या पाच-सहा जणांना आपोआप ऐकू जायचं. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सगळीकडे असंच असतं, असं मी धरून चालले होते.

मनकर्णाबाईचं वय शेहेचाळीस. निंदणाला, म्हणजे पिकातलं तण काढायला, जाणाऱ्या सोळा बायांच्या टोळीची ती मुकादम होती. कोणाच्या वावरात कधी जायचं, किती वाजता काम सुरू करायचं, सगळं तीच ठरवायची. हंगामात भलेभले शेतकरी तिच्या ओसरीवर येऊन बसत. तिचा नवरा दयाराम आपे ऑटो चालवायचा आणि त्यातूनच टोळी वावरात जायची. आवाज असा, की एका धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, हाक मारली तर तिसऱ्या वावरातली बाई मान वर करील. ही बाई माझ्यासमोर मात्र खाली बघून दोन शब्द बोलायची आणि उठून जायची. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

जूनच्या शेवटी ती तिसऱ्यांदा आली. मी तिचा जुना केसपेपर बघून पुन्हा तेच लिहिणार, तेवढ्यात आमच्या जयमाला सिस्टर माझ्या कानाशी वाकल्या. वीस वर्षं नोकरी झालेली बाई, डोळे सगळीकडे. त्या म्हणाल्या, "मॅडम, ही अर्ध्या तासात तीनदा दवाखान्याच्या मागं जाऊन आली. हिची कंबर दुखत नाही."

मी रांगेला बाहेर थांबायला सांगितलं. सिस्टरांनी दार लावलं. मग मी विचारलं, लघवीला काही त्रास होतो का?

मनकर्णाबाई थोडा वेळ दाराकडे बघत राहिली. दार नीट लागलंय याची खात्री झाल्यावर म्हणाली, "आग होते, मॅडम. मिरचीच्या पान्यावानी. थेंब थेंब येते अन् उठली का पुन्हा जावंसं वाटते. दोन वर्सं झाले."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"दोन्ही खेपा मागं माया भासरा उभा होता. त्याच्यासमोर कसं सांगू?"

माया भासरा म्हणजे माझा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्याच्यासमोर ती डोक्यावरचा पदरसुद्धा ढळू देत नव्हती.

दोन वर्षांची हकिगत तिने मग दहा मिनिटांत सांगितली. घरातल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, उन्हाळी लागली, अंगातली उष्णता आहे. म्हणून धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला. महिना-दोन महिन्यांनी आग परत यायची. एका खासगी दवाखान्यात प्रत्येक वेळी सलाईन आणि इंजेक्शन मिळायचं. कधी मेडिकलवरून गोळ्यांची पट्टी आणायची, दोन गोळ्यांत आग कमी झाली की उरलेल्या डब्यात ठेवायची आणि पुढच्या खेपेला त्याच घ्यायची. वावरात ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणीच प्यायची नाही. सोयाबीन गुडघ्याएवढं, शेजारच्या वावरात फवारणीवाले गडी, आडोसा कुठेच नाही. पाणी प्यायलं तर उठावं लागणार, म्हणून प्यायचंच नाही. सगळ्याच बाया असं करत.

त्या दिवशी मी तिला पहिल्यांदा नीट तपासलं. ताप नव्हता. पाठीवर बरगड्यांच्या खाली दोन्ही बाजूंना हलकं ठोकून पाहिलं, दुखलं नाही. पाळी वेळेवर होती. अंगावरून पांढरं जात नव्हतं, खाज नव्हती. बोटातून थेंबभर रक्त घेऊन साखर तपासली, ती ठीक निघाली. आग, सारखी लागणारी लघवी, थांबवता न येणारी घाई, आणि बाकी धोक्याचं काही नाही, एवढं कळलं की निदान जवळजवळ झालेलंच असतं. मूत्राशयातला साधा जंतुसंसर्ग. खात्रीसाठी लघवीत तपासणीची पट्टी बुडवली. मिनिटभरात तिच्यावरचा चौकोन गुलाबी झाला, म्हणजे जंतू होतेच. सोनोग्राफी नको, सलाईन नको. त्रास पुन्हा पुन्हा होत होता, म्हणून नमुन्याची एक बाटली खामगावच्या लॅबला पाठवली, पण औषध त्याच दिवशी सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर एक-एक कॅप्सूल, पाच दिवस.

मी तिला समजावलं, की ही उष्णता नाही, हे जंतू आहेत. लघवी गडद पिवळी होईल, घाबरायचं नाही. दुसऱ्या दिवशी आग थांबली तरी पाचही दिवस औषध घ्यायचं. आणि थंडी वाजून ताप आला, कुशीत, म्हणजे बरगड्यांखाली बाजूला दुखलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी यायचं. पाळी चुकलेली असली तर औषध वेगळं लागतं, तेही सांगितलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून सगळं परत म्हणून दाखवायला सांगितलं. तिने शेवटच्या तीन गोष्टी बोटांवर मोजल्या: ताप, कूस, पाळी.

उठताना तिने विचारलं, "मंग थे सलाईन काऊन लावत होते?"

मी म्हटलं, सलाईनने अंगात पाणी जातं, जंतू जात नाहीत. तिच्या चेहऱ्यावरून कळलं, की हे उत्तर तिने कुठेतरी जपून ठेवलं.

सहाव्या दिवशी ती आली आणि रांग संपेपर्यंत बाहेर थांबली. आग दुसऱ्याच दिवशी थांबली होती. ते तिने ओझरतंच सांगितलं. तिला सांगायचं होतं वेगळंच. आदल्या दिवशी ती एसटीने जाऊन खामगावला लेकीला भेटून आली होती. दोन वर्षांत ती एसटीत बसली नव्हती, कारण मधेच उतरावं लागलं तर काय, ही धास्ती. "मधात कोठीच उतरावं लागलं नाई, मॅडम. खिडकीपाशी बसून गेली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदाच व्हरांड्यापर्यंत गेला.

लॅबचा रिपोर्टही त्याच दिवशी आला होता. मेडिकलच्या ज्या गोळ्या ती डब्यातून काढून खात होती त्यांना ते जंतू दाद देत नव्हते, आणि आम्ही दिलेल्या औषधाने मरत होते. मी तिला ते समजावून सांगितलं. ती हसत सुटली. म्हणजे दोन वर्षं आपण त्यांना खाऊ घालत होतो, म्हणाली.

दोनच दिवसांनी दयारामचा आपे केंद्रासमोर उभा राहिला आणि त्यातून टोळीतल्या सात बाया उतरल्या. सगळ्यांची कंबर दुखत होती. आम्ही दार लावून एकेकीला विचारलं. चौघींना तोच साधा संसर्ग होता. एकीच्या अंगावरून पांढरं जात होतं, तिचा आजार आणि औषध दोन्ही वेगळं. दोघींना त्या वेळी काहीच नव्हतं. त्यांना फक्त पाणी प्यायला सांगून परत पाठवलं. गोळ्या मिळाल्या नाहीत म्हणून त्या नाराज झाल्या, तेव्हा मनकर्णाबाईनेच त्यांना समजावलं. मी तिला म्हटलं होतं त्यापेक्षा सोप्या शब्दांत.

त्या आठवड्यापासून आम्ही बुधवारी दुपारी दोन ते चार फक्त बायांसाठी ओपीडी सुरू केली. खोलीत पडदा लावला, रांग व्हरांड्यात नेली. बाईशी आधी सिस्टर एकट्याच बोलायच्या. यासाठी कुठलीही परवानगी लागली नाही, कुठलं यंत्रही लागलं नाही. हे आपल्याला इतके दिवस का सुचलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

वावरातला बंदोबस्त मनकर्णाबाईने स्वतः केला. चार बांबू, दोन जुन्या साड्या आणि सुतळी. हे सामान रोज आपेच्या टपावर बांधून जायचं आणि धुऱ्यावर त्याचा आडोसा उभा राहायचा. दिवसातून चारदा पाणी, आणि लागली की उठायचं, असा तिचा हुकूम होता.

शेषराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी, पंधरा एकर सोयाबीन. त्यांना हे पटलं नाही. बाया दिवसभर आडोशातच राहतील, मग निंदण कोण करणार, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मनकर्णाबाईने हातातलं खुरपं खाली ठेवलं.

"शेषरावभाऊ, बाई पानी पिईन अन् बाई उठीन बी. तुमाले जमत नसन तर सांगा, आमी दुसऱ्या वावरात जातो."

ती वळली तशा सोळाच्या सोळा बाया उठून धुऱ्यावर आल्या. जुलै संपत आलेला, तण पिकाच्या वर निघालेलं, आणि गावात दुसरी टोळी मोकळी नव्हती. शेषरावांनी तंबाखू मळून तोंडात टाकला. मग म्हणाले, बांधा तुमचा आडोसा. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन वावरात आला. सांगायला कुणी गेलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये त्याच वावरात करिष्मा मागे पडू लागली. टोळीतली सगळ्यात लहान, बावीस वर्षांची, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. विचारलं तर थकवा आहे म्हणायची. मनकर्णाबाई तिच्या तासात, म्हणजे पिकाच्या ओळीत, जाऊन तिच्याशेजारी उकिडवी बसली आणि हळू आवाजात तीन प्रश्न विचारले. ताप आहे का? कुशीत दुखतं का? पाळी चुकली का? तिन्हींना करिष्माने मान डोलावली. पाळी दोन महिने चुकली होती. हे तिने सासूलाही सांगितलं नव्हतं.

मनकर्णाबाईने संध्याकाळची वाट पाहिली नाही. दयारामला फोन केला आणि साडेअकराला ती करिष्माला धरून माझ्या खोलीत होती.

"मॅडम, ही साधी नाई," ती म्हणाली. "तिन्ही हो हायेत."

ती म्हणत होती ते तंतोतंत खरं होतं. ताप एकशे दोनच्या वर. उजव्या कुशीवर नुसतं ठोकलं तर पोर कळवळून वाकली. गरोदरपणाची चाचणी होकारार्थी आली. जंतू मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत गेले होते. दिवसभर वाट बघितली असती तर आई आणि पोटातलं बाळ दोघांनाही धोका होता. आम्ही इंजेक्शनचा पहिला डोस दिला, १०८ ला फोन केला, सलाईन लावली. सलाईनची बाटली बघून मनकर्णाबाईने माझ्याकडे रोखून पाहिलं. मी म्हटलं, हिला उलट्या होतायत, पोटात पाणी ठरत नाही, हिला ती लागते. तिने मान हलवली आणि रुग्णवाहिकेत करिष्माच्या उशाशी जाऊन बसली.

पाच दिवसांनी करिष्मा खामगावच्या दवाखान्यातून बरी होऊन घरी आली. पुढे दर महिन्याला तिची लघवी तपासत राहिलो, पुन्हा संसर्ग झाला नाही. मार्चमध्ये तिला मुलगी झाली, पावणेतीन किलोची, ठणठणीत. बारशाला मनकर्णाबाईने बाळाला आधी माझ्या मांडीवर ठेवलं, पण बाळाच्या कानात नाव सांगायचा मान करिष्माच्या सासूने मनकर्णाबाईलाच दिला.

एप्रिलमध्ये बुलढाण्याला जिल्ह्यातल्या डॉक्टरांचं प्रशिक्षण होतं. आमच्या बुधवारच्या ओपीडीबद्दल बोलायला मला बोलावलं होतं. मी आकडे वाचून दाखवले आणि सोबत आणलेल्या मनकर्णाबाईला पुढे बोलावलं. चाळीस-पन्नास डॉक्टर समोर, पंखे फिरतायत, आणि ती माइकपासून हातभर लांब उभी. माइकची तिला गरज नव्हती.

"तुमी लोक लय शिकले," ती म्हणाली. "पन बाईले माणसायसमोर इचारता, म्हनून बाई खोटं सांगते. मीनं बी सांगतलं. दार लावा अन् मंग इचारा. ताप, कूस, पाळी. बाकी तुमाले येतेच."

मागच्या रांगेतल्या एका वयस्कर डॉक्टरांनी टाळी वाजवली आणि अख्खं सभागृह वाजायला लागलं. मनकर्णाबाई पदर सारखा करत उभी राहिली. खाली बघितलं नाही तिने.

चहाच्या वेळी लोणारकडचे एक तरुण डॉक्टर, हर्षल नावाचे, तिला शोधत आले. त्यांच्या भागात बायांच्या अशा पाच-सहा टोळ्या होत्या. तुम्ही येऊन त्यांच्याशी बोलाल का, असं त्यांनी विचारलं. सभागृह, गाडी, सगळी सोय करतो म्हणाले. मनकर्णाबाईने विचार केला आणि सभागृह नको म्हणाली. बाया कामावर असतील तिथे, वावरात, दुपारच्या भाकरीच्या वेळी बोलीन, असं तिने सांगितलं. तारीख तिनेच दिली, पेरणीनंतरचा दुसरा गुरुवार. आणि एकटी येणार नाही, करिष्मालाही आणीन, म्हणाली. हर्षल डॉक्टरांनी मोबाइल काढून तारीख लिहून घेतली. तोवर तिने दुसरा चहा मागवला आणि बशीत ओतून निवांत प्यायली.