मामांच्या दाताची कॅप

"थांबा मॅडम, दात बसवून राह्यलो," म्हणत आमच्या आंजी गावच्या शाळेतले शिपाईमामा भिंतीकडे तोंड फिरवायचे आणि पुढच्या दाताची कॅप अंगठ्याने वर दाबायचे. मग वळून, काही झालंच नाही अशा थाटात, "हं, बोला!"

ती कॅप कशानेही निघायची. भाकरीने, शिंकेने, पोरांवर ओरडल्याने. एकदा तिसरीच्या वर्गात पडली, तर अख्खा वर्ग बाकांखाली रांगत ती शोधत होता. एकदा मामांनी घरीच चपलेच्या गोंदाने चिकटवली, तीही उलटी! दोन दिवस मामा हसले की आम्हाला दाताची पाठ दिसायची. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हीही हसला असतात.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी चौथ्यांदा बसवताना सांगितलं, आत दाताचा नुसता खुंट उरलाय, तोही काढून टाका. मी म्हटलं, "मामा, काढा की एकदाचा! किती छळ करून घ्याल?"

"कसा काढू? समोर एवढं भगदाड घेऊन वंदना कशी घेऊ? लोकं म्हणतीन, बुढा झाला, आता दुसरा पाहा."

तिथेच सगळं अडलं होतं. गावातल्या बौद्ध घरांत लग्न असो की मयत, बुद्धवंदना मामाच घेत. आधी त्यांनी ओळ म्हणायची, मग सगळ्यांनी. शाळेत ते घंटा वाजवणारे शिपाई. वंदनेला मात्र त्यांनी तोंड उघडल्याशिवाय कोणी उघडत नसे. तो मान जाऊ नये म्हणून हा माणूस अर्धपोटी जेवायचा, हसू दाबायचा. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

मग त्यांचे बालमित्र वारले. विहाराच्या भोंग्याचं तोंड कोणत्या गल्लीकडे करायचं, एवढ्याशा गोष्टीवरून दोघांत आठ वर्षं अबोला होता. आम्ही शिक्षकही मयतीला गेलो. सगळे हात जोडून उभे. मामा पुढे झाले, पहिला शब्द म्हणाले आणि एकदम गप्प. ओठ घट्ट मिटलेले. मी ओळखलं, कॅप निघाली. पण बाकीच्यांना काय कळणार?

"मेल्यावरही राग सोडून नाई राह्यला," मागून कोणीतरी कुजबुजलं. मित्राची बायको मान वर करून त्यांच्याकडे बघत राहिली. तोंड उघडावं तर कॅप मित्राच्या अंगावर पडणार, मिटून ठेवावं तर मेलेल्या माणसाशी अबोला धरल्यासारखं होणार. मामांना दरदरून घाम फुटला.

शेवटी त्यांनी सगळ्यांसमोर तोंडात बोटं घालून कॅप काढली आणि शर्टाच्या खिशात टाकली. "वहिनी, राग नाई जी. दात निंगाला," म्हणाले आणि मोठ्याने वंदना सुरू केली. प्रत्येक शब्दातून हवा सुटत होती. कोणी हसलं नाही. मामा रडत होते आणि म्हणत होते.

त्यानंतर कॅप त्यांनी बसवलीच नाही. पोरांवर खुशाल ओरडायचे, खो खो हसायचे. वंदनेची बोलावणी काही थांबली नाहीत. "फुकट घाबरून राह्यलो होतो, मॅडम!"

मागच्या वर्षी मामा गेले. त्यांच्या अंगणात आम्ही हात जोडून उभे राहिलो, पण कोणीच सुरू करेना. सवयच तशी होती. सगळे मामांचीच वाट बघत होते. मग त्या मित्राच्या बायकोने घसा खाकरला आणि पहिली ओळ म्हटली.