चार शब्दांचं इंग्रजी

आमच्या संस्थानात येणाऱ्या पोलिटिकल एजंट साहेबांच्या स्वागताचं शाळेचं इंग्रजी मानपत्र मला तोंडपाठ होतं. साहेब येणार त्याच आठवड्यात वडील खोकल्याचं समजून गुडघ्याला चोळायचं औषध प्याले. दवाखान्यातल्या नव्या गोऱ्या डॉक्टरला मराठी येत नव्हतं. तो वडिलांचं पोट दाबत मला काहीतरी विचारत राहिला. 'कृपाछत्र' आणि 'शुभागमन' यांचं इंग्रजी माझ्याजवळ तयार होतं, गुडघ्याचं नव्हतं.

"सांग की लवकर," वडील कण्हले. त्यांचे ओठ निळे पडत होते.

मी स्वतःचा पाय चोळून दाखवला, मग अंगठा तोंडाकडे नेला. "लेग मेडिसिन. फादर ड्रिंक."

डॉक्टर पोट धुवायची नळी आणायला धावला.

दुसऱ्या दिवशी शुद्धीवर येताच वडिलांनी विचारलं, "एवढ्या चार शब्दांसाठी पाच वर्षं शाळेत घातलं व्हय तुला?"