जहाजाची भिंतीकडची बाजू

बाहत्तरच्या दुष्काळात, नळाला दिवसाआड पाणी येत होतं तेव्हा, मी जहाज बांधायला घेतलं. जहाज म्हणजे लाकडाचं, दोन हात लांबीचं, शोभेला ठेवायचं. आम्ही सांगलीत विश्रामबागेला भाड्याने राहायचो आणि मी एका कचेरीत कारकून होतो. समुद्र मी जन्मात एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत, आणि त्या दिवशी नेमकी ओहोटी होती.

नमुना होता कॅलेंडरवरचा. तीन डोलकाठ्यांचं, फुगलेल्या शिडांचं जुनं जहाज. मिरजेला तंबोरे करणारे एक म्हातारे कारागीर होते, त्यांच्याकडून मी तुनाच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या आणायचो. त्या गरम पाण्यात भिजवायच्या, सांगाड्यावर वाकवायच्या, सरस लावायचा आणि तो वाळेपर्यंत कपड्यांच्या चिमट्यांनी धरून ठेवायच्या. सरस शिजताना जो वास सुटतो तो ज्यांनी घेतला असेल, त्यांना माझ्या बायकोची बाजू आपोआप पटेल.

"प्यायला पाणी नाही आणि तुम्ही लाकडं भिजवताय," ती म्हणायची. "चिमट्यांवाचून माझी लुगडी शेजारच्या अंगणात उडून जातायत. आणि पाटाचा पाय मोडलाय, तो कधी बसवणार?"

पाटाचा पाय बसवायला हौस लागत नाही, म्हणून तो मोडकाच राहिला.

कॅलेंडरवरच्या चित्रात जहाजाची एकच बाजू दिसते हे माझ्या ध्यानात आलं, तेव्हा निम्मं काम झालं होतं. शहाण्या माणसाने तीच बाजू उलटी धरून दुसरीकडे उतरवली असती. मी पडलो कारकून. साहेबाची नजर जिथे पडत नाही तिथे हात आखडता घ्यायचा, ही सवय अंगात मुरलेली. पुढची बाजू मी जीव ओतून केली. तोफांच्या खिडक्या एकेक करून कोरल्या, घोटून घोटून लाकूड तुकतुकीत केलं. मागच्या बाजूला उरल्यासुरल्या पट्ट्या चिकटवल्या, फटी भुसा आणि सरस कालवून बुजवल्या, खिडक्या कोरण्याऐवजी काळ्या रंगाने काढल्या. मग ती बाजू भिंतीकडे करून जहाज कपाटावर ठेवून दिलं. या सगळ्याला तीन वर्षं लागली.

पाहायला सगळी कॉलनी आली. विश्रामबागेत तेव्हा प्राध्यापक आणि अधिकारी फार, त्यामुळे मत नसलेला माणूस शोधूनही सापडायचा नाही. एकाने लाकूड सागवानी नाही म्हणून हळहळ व्यक्त केली. एकाने "पाण्यात चालतं का?" असं विचारलं आणि नाही म्हटल्यावर चहा न घेताच उठला. इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी असली जहाजं कशी बुडाली ते तासभर सांगितलं. पण उठताना सगळे म्हणायचे, काम मात्र बारीक आहे हो. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून, अशी म्हण आहे. वाकून पाहणाऱ्यांचीही नजर भिंतीपर्यंत पोचली नाही, आणि मी निर्धास्त झालो.

तरी एका माणसाने अजून काही म्हटलं नव्हतं, आणि मला ऐकायचं होतं ते त्याच्याकडूनच. ते म्हणजे माझे वडील. आमचं गाव कराडजवळ, ऊस पिकवणारं. आबा सोळा वर्षं पलटणीत काढून शेतीला लागले होते. त्यांच्या तोंडून चांगला शब्द निघायचा तो फक्त बैलांसाठी. मी मॅट्रिक झालो तेव्हा ते "बरं" म्हणाले होते, आणि नोकरी लागली तेव्हा तेवढंही नाही. लहानपणी मला बैलांचा हेवा वाटायचा. वय पस्तिशीला आलं तरी तो पुरता गेला नव्हता, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आबा मिरजेला आले आणि नंतर आमच्याकडे राहिले. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची नाही, वाकायचं नाही. चार दिवसांतच ते कंटाळले.

"कुटं हाय रं तुजं ते जहाज? आन हिकडं," ते म्हणाले.

मी जहाज उतरवून त्यांच्या मांडीवर ठेवलं. बैल पाहायची त्यांची एक रीत होती. बाजारात विकणारा बैलाची चांगली बाजू गिऱ्हाइकाकडे करतो. आबा त्याच्याशी पाऊसपाण्याचं बोलत बोलत पलीकडे जायचे आणि खांद्यावरून, बरगड्यांवरून सावकाश हात फिरवायचे. तसाच हात त्यांनी जहाजावर ठेवला. पुढच्या नाळेपासून मागच्या सुकाणूपर्यंत नेला. एकेका खिडकीत बोट घालून पाहिलं. "हं," म्हणाले. माझी छाती फुगली. मग हात पलीकडे गेला आणि थांबला.

"हितं काय भरलंस?"

"भुसा."

"आन खिडक्या?"

"रंगवल्यात."

"ही बाजू कुणीकडं असतीया?"

"भिंतीकडं."

"मग लोक काय म्हनत्यात?"

"लय चांगलं म्हनत्यात."

"म्हनायचीच. मालकानं उभा केलाय तिकडनंच बघत्यात."

मला राग आला. तीन वर्षं डोळे फोडून काम केलेलं आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेला माणूस त्यात खोट काढतोय. मी म्हणालो, "आवं आबा, शोभेची वस्तू हाय ती. भिंतीकडचं कोन बघतंय?"

"मी बगितलं की," आबा म्हणाले आणि जहाज माझ्याकडे दिलं.

पुढचे दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. ते गावी गेल्यावर चौथ्या दिवशी पाणी तापवलं आणि मागच्या बाजूच्या सगळ्या पट्ट्या सोडवल्या. कॉलनीत बातमी पसरली की जहाज मोडलं. भेटायला आलेल्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते जहाज बांधून झालं तेव्हा मला दिसलं नव्हतं. बायकोने चिमट्यांची टोपली स्वतःच आणून माझ्यापुढे ठेवली.

ती बाजू दुसऱ्यांदा करायला वर्ष लागलं. मग जहाज चादरीत गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन गावी गेलो. आबा घराच्या पुढच्या सोप्यात बसले होते, जाड भिंगांचा नवा चष्मा लावून. शेजारी त्यांचे पलटणीतले एक जुने दोस्त होते. मी जहाज पुढे ठेवलं. आबांनी आधी चष्मा काढून माझ्या हातात दिला, डोळे मिटले आणि हात सरळ मागच्या बाजूवर ठेवला. नाळेपासून सुकाणूपर्यंत नेला, परत आणला. एकही खिडकी सोडली नाही. मी उभाच होतो.

"लय बारीक काम हाय की," दोस्त म्हणाले. "किती दिस लागलं पोराला?"

"दोनदा केलंय त्यानं," आबांनी सांगितलं आणि चष्म्यासाठी हात पुढे केला.

चष्मा माझ्याच हातात होता. पण माझे डोळे असे भरून आले होते की त्यांचा हात कुठे आहे तेच मला दिसेना.